मागच्या दोरीचा तिसरा वेढा

आमचा इंग्रज साहेब चहा आणून देणाऱ्या माणसाला दोनदा थँक यू म्हणायचा. एकदा कप घेताना आणि एकदा रिकामा कप परत देताना. मला आधी त्याचं हसू यायचं. आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावात पाण्याचा तांब्या हातात दिला म्हणून कुणी आभार मानले असते, तर देणाऱ्याला वाटलं असतं, याचं आपल्याशी काहीतरी बिनसलंय.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून सौदी अरेबियात अबकैकजवळच्या एका तेलाच्या प्लांटवर कंत्राटदाराकडे सुपरवायझर म्हणून लागलो होतो. हुद्दा सुपरवायझरचा, पण खरं काम साहेबाचं तोंड व्हायचं. साहेब इंग्रजीत बोलायचा, मी ते आमच्या सहा खलाशांना मराठीत सांगायचो. सहाही जण आमच्याच किनाऱ्यावरचे, होड्या आणि गलबतं वाळूवरून चढवत-उतरवत लहानाचे मोठे झालेले. जिथं क्रेन पोहोचत नाही तिथं अवजड यंत्रं हलवायला त्यांना आणलेलं होतं. त्या सहांतलाच एक, त्यांचा मुकादम, माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. आम्ही त्याला मामू म्हणायचो. मला तिथं चिकटवलं ते मामूनंच.

मामूचं सगळं शास्त्र दोन डब्यांत मावायचं. एका डब्यात चरबी, दुसऱ्यात कोरडी वाळू. उताराला आडवे लाकडी स्लीपर टाकायचे आणि त्यांवरून यंत्राच्या बुडाचा लोखंडी पाट सरकवायचा. वर चढवताना स्लीपरांना चरबी, खाली उतरवताना वाळू. वरच्या बाजूला एका खांबाला जाड दोरीचे वेढे घालायचे, दोघांनी ती इंचाइंचानं सोडायची, मागून पहारीनं एक रेटा द्यायचा, वीतभर सरकलं की थांबायचं. पुढचा स्लीपर टाकायचा, वाळू टाकायची, पुन्हा रेटा. टाकायच्या आधी मामू प्रत्येक स्लीपरवरून तळहात फिरवायचा. त्याच्या हाताला काय कळायचं ते त्यालाच ठाऊक.

मी मात्र शिकलेला. कॉलेजात आम्ही फळीवर लाकडी ठोकळा ठेवून फळी हळूहळू उचलायचो आणि ठोकळा कुठल्या कोनाला घसरतो ते वहीत मांडायचो. तो कोन येईपर्यंत ठोकळा हलत नाही, आणि एकदा घसरायला लागला की त्याला धरून ठेवणारं घर्षण आधीपेक्षा कमी होतं, एवढं मला पक्कं पाठ होतं. त्या पाठांतराची मला तेव्हा फार घमेंड होती. ती घमेंड नसती तर पुढचं घडलं नसतं, हे मी आज लपवत नाही.

हळूहळू मला साहेबाच्या बोलण्याची भूलच पडली. तो कधी ओरडला नाही. कुणाचं काम चुकलं तर म्हणायचा, ‘माझं कदाचित चुकत असेल, पण हे उलटं तर बसवलं नाही ना?’ मागे एकदा खणलेल्या चराची अख्खी बाजू ढासळली. तेव्हा तो काठावर उभा राहून म्हणाला, ‘हे जरासं गैरसोयीचं झालं.’ संध्याकाळी खोलीवर मी त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. मामू हसता हसता म्हणाला, “यांच्याकडं आग लागली तरी परवानगी मागून ओरडत असतील.”

त्या हिवाळ्यात हसण्यासारखं तेवढंच होतं. इराकनं कुवेत घेतल्याला सहा महिने होऊन गेले होते आणि महिनाभर लढाई चालू होती. इराकमधून क्षेपणास्त्रं यायची, भोंगा वाजायचा, आम्ही निवाऱ्यात पळायचो. रियाधच्या बत्हा भागातून फोन करणारे ओळखीचे सांगायचे की तिकडेही तेच चालू आहे. गावाकडून आईची पत्रं यायची, प्रत्येकात एकच वाक्य: दोघेही एकत्र राहा, एकमेकांना सोडू नका. कंत्राटदारानं विषारी वायूचे मास्क दिले होते, पण फक्त ऑफिसच्या माणसांना. मला मिळाला होता. मामूला आणि खलाशांना ओले टॉवेल तोंडावर धरायला सांगितलं होतं. मला मास्क घेऊन त्यांच्यासमोर बसायची लाज वाटायची, पण तो टाकून द्यायची हिंमतही होत नव्हती.

लढाईच्या शेवटच्या दिवसांत उत्तरेकडच्या, कुवेतमधल्या तेलविहिरी पेटल्या. वारा आमच्याकडे वळला की सकाळी दहाला दिवे लावावे लागायचे. काजळी पडायची, आणि पावसाची भुरभुर आली की पाणी काळं यायचं. वाळत घातलेल्या गंजीवर बोट फिरवलं तर बोट तेलकट व्हायचं.

अशा एका सकाळी आम्हाला डिझेल इंजिन उतरवायचं होतं. प्लांटला आग लागली तर पाणी फेकणारा जो मोठा पंप होता त्याचं हे इंजिन. पंपघर जमिनीच्या खाली, आणि तिथं जायला काँक्रीटचा लांब उतार. जुनं इंजिन बंद पडलं होतं. आसपासच्या सगळ्या क्रेन लष्करानं नेल्या होत्या. आग विझवायच्या पाण्याशिवाय तेलाचा प्लांट, आणि डोक्यावर क्षेपणास्त्रं. म्हणून साहेबाला ते इंजिन त्याच दिवशी खाली हवं होतं.

मी आदल्या दिवशीच उताराचा कोन मोजला होता. बारा अंश. लोखंड कोरड्या लाकडावरून घसरायला याहून बराच जास्त कोन लागतो. म्हणजे दोरी नसती तरी इंजिन आपलं आपण हललं नसतं. मी हे कागदावर मांडून साहेबाला दाखवलं. त्यानं कागद नीट वाचला आणि म्हणाला, ‘छान. फारच नीटनेटकं केलंय तुम्ही.’ मी हवेतच होतो.

काम सुरू झालं. मामूची हाळी, सहा जणांचा हैस्सा, वीतभर सरकणं, थांबणं. निम्मा उतार झाला तेव्हा भुरभुर सुरू झाली. साहेब वर खांबापाशी उभा होता. खांबाला दोरीचे दोन वेढे होते. तो थोडा वेळ त्याकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, ‘त्या मागच्या दोरीबद्दल माझं पूर्ण समाधान झालंय असं म्हणता येणार नाही. त्यांना सवड असेल तर अजून एक वेढा घालता येईल का, असं मनात आलं.’

मला ते टोचलं. माझा कागद वाचून पुन्हा शंका? शिवाय मामू खलाशांना ओरडून काही सांगत होता, त्याला मध्येच तोडायचं कसं? मी हाक दिली, “मामू, साहेब म्हणतो चांगलं चाललंय. सवड मिळाली की मागची दोरी एकदा बघा.”

“बगतो,” मामू म्हणाला आणि पुढच्या स्लीपरकडे वळला.

तेवढ्यात भोंगा झाला.

नियम असा होता की भोंगा झाला की हातातलं काम टाकून निवाऱ्यात जायचं. मामूनं पाटाखाली दोन पाचरी ठोकल्या, दोरी खांबाला आवळली आणि आम्ही पळालो. दाराशी साहेब बाजूला उभा राहून सगळ्यांना आधी आत जाऊ देत होता. वरून क्षेपणास्त्र येतंय आणि हा माणूस दार धरून म्हणतोय, ‘आधी तुम्ही.’ मामूनं त्याला दंडाला धरून आत ओढलं.

आत आम्ही आठ जण भिंतीला टेकून बसलो. खलाशांनी टॉवेल भिजवून तोंडावर घेतले. साहेबानं मास्क चढवला, समोरच्या सहा टॉवेलांकडे बघितलं आणि मास्क काढून मांडीवर ठेवला. ‘जरा टोचतोय,’ तो मला म्हणाला. मीही माझा काढला. त्या अर्ध्या तासात माझ्या मनात क्षेपणास्त्र होतं, वायू होता, आईचं पत्र होतं. उतारावर अर्ध्यात थांबलेलं इंजिन नव्हतं.  लांबवर एक धमाका ऐकू आला, कुठं ते कळलं नाही. मग सुटकेचा भोंगा झाला.

बाहेर आलो तर भुरभुर थांबली होती. स्लीपर काळे चकचकीत दिसत होते. मामूनं एकावरून तळहात फिरवला, हात नाकाशी नेला आणि म्हणाला, “तेल हाय. वाळू टाका.” खलाशांनी डब्यातली वाळू टाकली. ती काळ्या चिखलासारखी झाली. पाचरी काढल्या, तरी इंजिन होतं तिथंच होतं. मला बरं वाटलं. बारा अंश, मी मनात म्हटलं.

पुढचा स्लीपर टाकायला मामू इंजिनाच्या खालच्या बाजूला गेला. नेहमी तो स्लीपर टाकून लगेच बाजूला व्हायचा. त्या दिवशी तिथं गुडघ्यावर बसून हातानं काजळी पुसायला लागला. आठ टनांचं इंजिन त्याच्या डोक्याच्या वर दोन हातांवर.

साहेबानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो कधी कुणाला हात लावत नसे. ‘तुम्ही कृपा करून त्यांना तिथून बाजूला व्हायला सांगाल का? मला खूपच बरं वाटेल.’

 इंग्रज माणूस याहून मोठ्यानं ओरडू शकत नाही. वर्षभर मी त्याची नक्कल करत होतो, ‘जरासं गैरसोयीचं’ म्हणजे ढासळलेला चर हे मला इतर कुणापेक्षा जास्त ठाऊक होतं. आणि तरी मी ते वाक्य शब्दांनी ऐकलं. साहेब घाबरतोय, मला वाटलं. त्याचा माझ्या कागदावर विश्वास नाही. आणि दुसरं असं की मी मामूला ‘बाजूला हो’ कसं सांगणार? ज्यानं मला खांद्यावर बसवून खाडी दाखवली, त्याला त्याच्या पाच माणसांसमोर, त्याच्याच कामात? आमच्याकडे भाच्याला ते शोभत नाही. मी असं म्हणालो:

“मामू, साहेब जरा घाबरतोय. सवडीनं बाजूला व्हा.”

मामूनं मान वर करून साहेबाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हसला. “त्याला सांग, माजा जन्म होड्यांखाली गेला.”

साहेबानं विचारलं, ‘काय म्हणतात ते?’

“ते थँक यू म्हणतात,” मी इंग्रजीत सांगितलं. “काळजी घेतो म्हणतात.”

साहेबाचा हात माझ्या खांद्यावरून निघाला. ‘अर्थातच,’ तो म्हणाला. ‘त्यांचं काम त्यांना कळतं.’ म्हणजे त्याला वाटलं की आपण धोका सांगितला, मुकादमानं तो ऐकला, विचार केला आणि ठरवलं. मामूला वाटलं, घाबरट गोऱ्याचं काहीतरी. दोघांच्या मध्ये मी उभा होतो आणि दोघांनाही मी खूश ठेवलं होतं.

मागून कुणी पहार लावली नव्हती. इंजिन आपलं आपण हललं. आधी बोटभर, अगदी सावकाश, मला भास झाल्यासारखं. मग पाटाखालून किर्र आवाज आला. वर दोघांनी दोरी ताणली, पण तेलकट झालेली दोरी खांबावरून सुळसुळत फिरायला लागली. दोन वेढे तिला धरू शकत नव्हते. एकाचे तळवे सोलले, त्यानं दोरी सोडली. तेव्हा साहेब ओरडला. काय ओरडला ते शब्द मला आठवत नाहीत, पण तो आवाज भाषा न येणाऱ्यालाही कळला असता. मामू उडी मारून बाजूला झाला. सगळा झाला, उजवा पाय सोडून.

इंजिन आणखी चार हात जाऊन, स्लीपर संपले तिथं, खडबडीत काँक्रीटवर अडलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. साहेब उतारावर पोटावर झोपून पाटाखाली जॅक लावतोय, त्याचा पांढरा शर्ट काळा झालाय. मामू ओरडत नव्हता, माझं मनगट धरून दात आवळून पडला होता. गाडीत त्यानं एकदाच विचारलं, “बाकीचे बरे हायत ना?” मी हो म्हणालो आणि रडायला लागलो, तेव्हा तो म्हणाला, “गप. ड्रायव्हर बगतोय.”

सरकारी इस्पितळात आमच्या मुलखातले एक डॉक्टर होते. त्यांनी मला बाहेर नेऊन शुद्ध मराठीत, शांतपणे सांगितलं की पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. लढाई दोन-तीन दिवसांनी संपली. प्लांटवर लोकांनी मिठाई वाटली. मला ती गिळवेना.

तिथल्या चौकशीत साहेबानं लिहून दिलं की चूक त्याची स्वतःची. मी गप्प राहिलो. मामूनंही मला काही विचारलं नाही. मी रोज जायचो, त्याला दाढी करायला आरसा धरायचो, आईला पत्रात काय लिहायचं ते दोघं मिळून ठरवायचो. त्या पत्रांत आम्ही दोरी तुटली असं लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात साहेब भेटायला आला. बिस्किटांचा डबा घेऊन. खाटेजवळच्या स्टुलावर टेकला, मामूला तब्येत विचारली, हवेबद्दल काहीतरी बोलला. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, ‘मला फार फार वाईट वाटतं. मी स्पष्ट बोलायला हवं होतं. दोष माझा आहे. कृपा करून त्यांना सांगा.’

मामूनं विचारलं, “काय बोलतो?”

“साहेब म्हणतात, चूक त्यांची झाली. माफी मागतायत.”

 मामू छताकडे बघत, साहेबाकडे न बघता बोलायला लागला. “त्याची कसली चूक? त्यानं दोनदा सांगितलंन. मी बगत होतो. एकदा खांबाकडं बोट केलंन. दुसऱ्यांदा तुज्या खांद्यावर हात ठेवलान, तोंड पांढरंफटक पडलेलं. माज्या मनात आलं, हा बाबा खोटा घाबरत नाय, ऊठ. उठणार होतो. पण तू बोललास सवडीनं. म्हटलं, आपला पोरगा बोलतो तर तसंच असंल. भाषा त्याला येते, मला नाय. आणि तिसरा वेढा घालायला मला काय जड होतं रे? दोन मिन्टांचं काम.”



साहेब पुढे वाकला. ‘काय म्हणतात ते?’

तोंडात तेच येत होतं. ते थँक यू म्हणतात. जिभेवर तयार होतं, इतके दिवस तिथंच राहिलेलं. मी ते गिळलं आणि सांगितलं. मामूचं प्रत्येक वाक्य. पोरगा बोलतो तर तसंच असेल, हेसुद्धा. मग मीच त्यात भर घातली: तुम्ही वेढा घालायला सांगितलंत तेव्हा मी काय म्हणालो, बाजूला व्हा म्हणालात तेव्हा काय म्हणालो, मामूनं काय उत्तर दिलं आणि मी तुम्हाला काय सांगितलं. तुम्ही दोघं एकमेकांशी बोललाच नाहीत साहेब, मी म्हणालो, दोन्ही वेळा मीच बोललो. माझं इंग्रजी कधी इतकं मोडकं नव्हतं.

 साहेब रागावला असता तर बरं झालं असतं. ‘अच्छा,’ तो म्हणाला. मग उठला, बिस्किटांचा डबा मामूच्या हाताला लागेल असा सरकवून ठेवला, मामूला थँक यू म्हणाला. ‘तुमची हरकत नसेल तर मी बाहेर थांबतो,’ मला म्हणाला आणि दार आवाज न करता लावून घेतलं.

मामूनं विचारलं, “काय सांगितलंस त्याला?”

“तुम्ही बोललात ते.”

“सगळं?”

“सगळं. मी काय केलं तेही.”

त्यानं चादरीकडे बघितलं, जिथं ती सपाट पडली होती तिकडे. आवाजात राग नव्हता. खरोखरच समजून घ्यायचं असल्यासारखं तो म्हणाला, “म्हणजे येतंय की तुला सांगायला. मग त्या दिवशी का नाय सांगितलंस?”

 बाहेर साहेब माझी वाट बघत उभा होता.